रातकिड्याला हाडं नसतात

"रानात त्याच्या किड्यांवर पावडर शिंपडायला कोण जातं?" लेपर्ड गेको जातीची पाल पाळणाऱ्याने कॅल्शियमचा डबा काढला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मावळात तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात हौसेने गेको पाळणारी घरं आता दिसू लागली आहेत आणि त्यांच्या मागोमाग हा प्रश्नही घरोघर पोचला आहे. विचारणारा बहुधा प्राण्यांवर मनापासून माया करणारा असतो. डबाबंद वस्तूंवर त्याचा भरवसा नसतो, निसर्गावर असतो. त्यामुळे त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला लगेच पटतं, आणि डबा कपाटात जातो तो तिथेच राहतो. प्रश्न वाजवी आहे हे मला मान्य. पावडरीची गरज नाही हे त्यातून काढलं जाणारं उत्तर मात्र साफ चुकीचं आहे, आणि त्या चुकीची भरपाई एक मुका प्राणी महिनोन्महिने स्वतःची हाडं झिजवून करतो. हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे.

आधी ताटात काय पडतं ते पाहू. आपल्याकडे पाळलेल्या गेकोच्या पोटात जातात ते रातकिडे, मीलवर्म, सुपरवर्म, फार तर डुबिया झुरळं. मीलवर्म आणि सुपरवर्म बऱ्याचदा माशांच्या दुकानातून येतात, कारण फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना पाळणाऱ्यांसाठी ते तिथे ठेवलेलेच असतात. या किड्यांत प्रथिनं भरपूर, चरबी भरपूर. कॅल्शियम मात्र नावापुरतं. मार्क फिंके या संशोधकाने 2002 साली 'झू बायॉलॉजी' या नियतकालिकात खाद्यकिड्यांचं सविस्तर पृथक्करण मांडलं. त्यात एक किलो मोठ्या रातकिड्यांत कॅल्शियम सुमारे 400 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे 2,950 मिलिग्रॅम निघाला. मीलवर्ममध्ये कॅल्शियम 170 च्या आसपास, फॉस्फरस 2,850 च्या आसपास. म्हणजे रातकिड्यात फॉस्फरस सातपट, मीलवर्ममध्ये जवळजवळ सतरापट. गेकोच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं आणि शक्य तर दुप्पट असावं लागतं. इथे गणित उलटं आहे, आणि थोडंथोडकं उलटं नाही.

याचं कारण सोपं आहे. रातकिड्याला हाडं नसतात. त्याचं कडक कवच कायटिनचं असतं, चुन्याचं नव्हे. चावताना कुरकुरीत आवाज येतो म्हणून त्यात कॅल्शियम असेल असं वाटतं, पण तो आवाज कायटिनचा. बेडूक, सरडा किंवा उंदराचं पिल्लू गिळणाऱ्या प्राण्याला शिकारीच्या हाडांतून कॅल्शियम मिळतं. नुसत्या किड्यांवर जगवल्या जाणाऱ्या प्राण्याला ते कुठून मिळणार?

शरीर मग काय करतं, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ इथेच आहे. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली गेलं तर स्नायू आणि मज्जातंतू चालत नाहीत, हृदयही चालत नाही. म्हणून पातळी उतरली की पॅराथायरॉइड ग्रंथी आपला हार्मोन सोडते आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात ओतलं जातं. त्यात वरून फॉस्फरसचा मारा चालू असला की हे काढणं थांबतच नाही. रक्ताचा हिशेब जुळत राहतो, हाडांची तिजोरी रिकामी होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. गेको खातो, फिरतो, रात्री बाहेर येतो, कात टाकतो. त्यामुळे "आमचा वर्षभर पावडरीशिवाय ठणठणीत आहे" हा दाखला मला मुळीच पटत नाही. वर्षभर तो स्वतःच्या सांगाड्यावर जगलेला असतो.

मग एके दिवशी कळतं. खालच्या जबड्याला बोटाने हलकेच स्पर्श केला तर तो रबरासारखा दबतो. किडा पकडायला गेको झेप घेतो, पण तोंडात आलेला किडा निसटतो, कारण जबड्यात चावा घेण्याचा जोर उरलेला नसतो. मालक म्हणतो, आळशी झालाय. पुढच्या पायांची कोपरं बाहेरच्या बाजूला वाकतात. निरोगी गेको चालताना पोट जमिनीपासून उचलून चालतो, हा पोट घासत सरपटतो. बोटांची टोकं थरथरतात, आधी पकडल्यावर, नंतर तो शांत बसलेला असतानाही. एक्स-रे काढला तर हाडं आणि आजूबाजूचं मांस यांच्यातला फरक ओळखू येत नाही, जिथे पांढरी रेघ हवी तिथे करडा धूसर पट्टा असतो. मणक्याला बाक आलेला असतो, एखाद्या मांडीच्या हाडाला कधीतरी चीर गेलेली असते आणि ती घरात कुणाच्याही लक्षात आलेली नसते. या अवस्थेतल्या प्राण्याला वेदना होत असणार. पण पाल त्यासाठी ओरडत नाही.

आता रानाकडे वळू, कारण समोरच्याचा सगळा भार रानावर आहे. लेपर्ड गेको, शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस, हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य कोपऱ्यातला प्राणी. एडवर्ड ब्लाइथने 1854 साली त्याचं पहिलं वर्णन केलं ते पंजाबातल्या सॉल्ट रेंज या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. त्या रांगेत मीठ आहे, जिप्सम आहे, चुनखडी आहे. तिथला गेको रात्रभर हिंडतो आणि जे सापडेल ते खातो: भुंगेरे, कोळी, विंचू, नाकतोडे, छोटे सरडे, क्वचित उंदराचं पिल्लू. त्यातल्या सरड्याला आणि पिल्लाला हाडं असतात. मातीत फिरलेल्या किड्याच्या अंगावर आणि पोटात ती माती असते. संध्याकाळी दगडाच्या कपारीतून अर्धं अंग बाहेर काढून बसलेल्या गेकोला उतरत्या उन्हाचा स्पर्श होतो. या सगळ्याला निसर्गाचा आहार म्हणायचं. तळेगावच्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत, गव्हाच्या कोंड्यात वाढलेले मीलवर्म रोज रात्री टाकायचे आणि याला नैसर्गिक आहार म्हणायचं, हे कसं जुळतं? रानात पावडर कुणी शिंपडत नाही हे खरं आहे. पण रानात त्याला एकाच जातीचे, एकाच कोंड्यावर पोसलेले किडे वर्षभर कुणी खाऊ घालत नाही, हेही तितकंच खरं आहे.

शिवाय रानात कॅल्शियमची ददात पडतच नाही, हा समजही तपासून घ्यावा. दक्षिण आफ्रिकेत 1970 च्या दशकात केप गिधाडांच्या पिल्लांचे पंख वाकडे होऊन मोडत असल्याचं अभ्यासकांच्या लक्षात आलं. शोध घेतल्यावर कारण निघालं ते तरसांचं. तरस हाडं फोडतात, गिधाडं त्यातले लहान तुकडे उचलून पिल्लांना भरवतात. ज्या भागात तरस संपवले गेले, तिथे पिल्लांना मांस मिळत राहिलं पण हाडांचे तुकडे मिळेनासे झाले. मग माणसांनी गिधाडांसाठी खाद्याच्या जागा केल्या आणि तिथे हाडं फोडून ठेवायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये याप ग्राव्हेलँड यांनी 1994 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की आम्लधर्मी झालेल्या जंगलातल्या मातीतून चुना निघून गेला, गोगलगाई कमी झाल्या, आणि गोगलगाईंच्या शंखांवर अवलंबून असलेल्या ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची, तडकणारी होऊ लागली. तिथे पक्ष्यांना शंखांचा आणि कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचा चुरा दिल्यावर अंडी सुधारली. म्हणजे मोकळ्या रानातदेखील साखळीतला एक दुवा तुटला तर हाडं आणि अंड्यांची कवचं कच्ची पडतात. काचेच्या टाकीत तर आपण सगळेच दुवे तोडून टाकलेले असतात.

पिंजऱ्यातल्या प्राण्याचं उदाहरण याहून जुनं आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदूस होऊन मरत. सिंहाला मांस, याहून नैसर्गिक आहार कुठला? 1889 साली जॉन ब्लंड-सटन या शल्यचिकित्सकाने छाव्यांच्या मांसात कुटलेली हाडं, दूध आणि कॉडलिव्हर तेल घालायला लावलं, आणि छावे उभे राहिले. 'डी' जीवनसत्त्वाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. प्राणी तोच, अन्नही वरवर तेच, फक्त त्यातलं हाड काढून घेतलेलं. गेकोच्या बाबतीत आज नेमकं हेच चालू आहे.

आणि इतक्या लांब जायची तरी काय गरज? मावळात पोल्ट्री कमी नाहीत. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, कारण एकेका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणून तिच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची भुकटी मिसळली जाते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला ते कमी पडलं तर तिचे पाय जातात आणि ती उठू शकत नाही. हे इथल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला तोंडपाठ असतं. परसात चार कोंबड्या पाळणारी आजीसुद्धा अंड्यांची टरफलं चुरून त्यांच्या पुढ्यात टाकते. रानकोंबड्यांना कोण शिंपले घालतं, असं आजवर कुणी तिला विचारलेलं नाही. मग तोच न्याय गेकोला का नाही? गेकोची मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि एका हंगामात अशी अनेक वेळा घालू शकते, नर जवळ नसतानाही. अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसलं तरी प्रत्येक अंड्यागणिक तिच्या शरीरातून कॅल्शियम जातंच. साठा संपत आला की गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावत नाहीत आणि अंडी आत अडकतात. कॅल्शियमविना पाळलेल्या मादीचं हे मरण टाळता येण्यासारखं असतं, म्हणून ते मला फार लागतं.

दुसरा दाखला शेपटीचा दिला जातो. "शेपटी बघा की, कशी गुबगुबीत!" शेपटीत चरबी साठते. ती उपाशी दिवसांसाठीची शिदोरी आहे आणि प्राणी पोटभर खातो आहे एवढंच ती सांगते. कॅल्शियमबद्दल ती एक अक्षर सांगत नाही. उलट मीलवर्म आणि सुपरवर्म चरबीने ठासलेले असल्यामुळे शेपटी जाड आणि हाडं पोकळ, अशी जोडी सहज जमते. मऊ जबड्याच्या गेकोची शेपटी पाहून तो सुदृढ आहे असं ठरवणाऱ्यांना एवढीच विनंती की, शेपटीवरून नजर काढून कोपरांकडे न्या.

प्रकाशाचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे आणि तिथे मी जरा थांबणार आहे. कॅल्शियम नुसतं पोटात गेलं म्हणजे हाडात पोचलं असं होत नाही. आतड्यातून ते शोषलं जायला 'डी3' जीवनसत्त्व लागतं. कातडीत असलेल्या एका पदार्थावर 290 ते 315 नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण पडले की 'डी3' तयार व्हायला सुरुवात होते, पुढचं रूपांतर अंगाच्या उबेने होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड ते कामाला लावतात. 1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं, तेव्हापासून अतिनील प्रकाशाचा आणि हाडांचा संबंध जगाला माहीत आहे. गेकोच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं एकच वाक्य चालत आलं: हा रात्रीचा प्राणी आहे, याला उन्हाचं काय? ते वाक्य आता टाकून द्यायला हवं. अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन तास यूव्हीबी मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तातली 'डी'ची पातळी, तो प्रकाश न मिळालेल्या गेकोंपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली. 2020 साली ओनिंक्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हेच दाखवलं की हा निशाचर प्राणी यूव्हीबी वापरून 'डी3' बनवतो. 'डी3'युक्त पावडरीवरही गेको जगतात, हे मी नाकारत नाही. पण "निशाचर आहे म्हणून गरज नाही" हे म्हणणं आता टिकत नाही.

यावर मावळातलं उत्तर तयार असतं: टाकी खिडकीत ठेवतो, ऊन मिळतं. मिळत नाही. साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ पार होत नाही, टाकीची काच असेल तर तीही आडवी येते. आत येते ती फक्त उष्णता, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ती टाकीला भट्टी करते. जूनपासून तर सप्टेंबर उलटेपर्यंत लोणावळ्यात सूर्य हा पाहुणा असतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे धुक्याने दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागतात, तिथे खिडकीतल्या उन्हाच्या भरवशावर प्राणी ठेवणं म्हणजे त्याला चार महिने अंधारात ठेवणं आहे. यूव्हीबीची ट्यूब घ्या, ती काचेतून नव्हे तर थेट किंवा जाळीतून पडेल अशी लावा, गेकोला सावलीत जाता येईल अशी जागा सोडा, आणि ट्यूब उजेड देत असली तरी सहा ते बारा महिन्यांनी बदला, कारण डोळ्याला दिसणारा उजेड टिकतो आणि न दिसणारा यूव्हीबी आधीच उतरतो.

लोणावळ्याबद्दल आणखी एक. वादळी पावसात वीज गेली की हीट मॅट थंड पडते. उबदार कोपऱ्याचा पृष्ठभाग 31-33 अंशांवर असेल तर गेकोचं पचन चालतं. तो तासन् तास गार राहिला की पोटातला किडा तसाच पडून राहतो, आणि त्यावरचं कॅल्शियमही. वीज नसलेल्या रात्री खायला घालू नये, इतकं साधं पथ्य आहे. शिवाय पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं त्या हवेत जीवनसत्त्वांच्या पावडरीचे गोळे होतात आणि त्यांचा कस जातो. डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि उघडल्यावर सहाएक महिन्यांत टाकून द्यायला हवा, मग तो निम्मा भरलेला का असेना.

पावडर मान्य केली तरी ती विकत कशाला, असं म्हणणारे पुढे येतात. त्यांचे घरगुती उपाय मी एकेक ऐकले आहेत आणि त्यातला एक फार धोक्याचा आहे: पानाचा चुना. खायचा चुना म्हणजे भिजवलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र दाहक. माणूस तो पानात, कातासोबत, टाचणीच्या टोकाएवढा खातो तरी तोंड भाजतं. गेकोसारख्या एवढ्याशा प्राण्याच्या तोंडात आणि डोळ्यांत तो गेला तर जखमा होतील. तो कधीही देऊ नका. गुरांचं डीसीपी किंवा खनिज मिश्रण हा दुसरा उपाय. डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट. आपल्याला फॉस्फरस झाकायचा आहे, वाढवायचा नाही. लहान मुलांच्या कॅल्शियमच्या कितीतरी सिरपांची तीच गत, शिवाय त्यात साखर. टाकीत अंथरायची 'खाण्यायोग्य कॅल्शियम वाळू' मिळते, तिचं तर नावच दिशाभूल करणारं आहे. कॅल्शियमला भुकेलेला गेको ती चाटत राहतो आणि ती आतड्यात साचून बसते.

उरलेले दोन उपाय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अंड्याची टरफलं उकळून, कडक वाळवून, मिक्सरमध्ये टाल्कम पावडरीइतकी बारीक केली आणि वस्त्रगाळ केली तर ती कॅल्शियम कार्बोनेटच असते. समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या अंगातलं ते पांढरं हलकं कवच, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, कोकणच्या किनाऱ्यावर पडलेलंही सापडतं. धुऊन, वाळवून, खलात घोटून तेही चालतं. भरड राहिलं तर किड्याला चिकटत नाही, एवढं एकच पाहायचं. पण यात 'डी3' नसतं, हे विसरलं की सगळी मेहनत वाया जाते.

मग ही सगळी दगदग नको म्हणून बाहेरचे किडे पकडून आणायचा मार्ग सुचवला जातो. पहिल्या पावसाला दिव्याभोवती वाळवीची पाखरं घमेलंभर जमतात, फुकटचं खाद्य वाटतं. तेही चरबीचे गोळे आहेत, हाडं त्यांनाही नाहीत. नाकतोडे भातखाचरांतून येतात. वडगाव मावळच्या केंद्राने घडवलेल्या इंद्रायणी भाताच्या कुठल्या खाचरात आज काय फवारलं आहे, हे पकडणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. आणि काजवे. मे-जूनमध्ये राजमाचीच्या वाटेवर काजवे पाहायला गर्दी लोटते, आणि बाटलीत भरून चार काजवे घरी आणणारे महाभाग त्यात असतात. अमेरिकेत फोटिनस जातीचा काजवा खाऊन पाळीव बिअर्डेड ड्रॅगन सरडे तास-दोन तासांत मेल्याच्या नोंदी 1999 साली प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर घाव घालणारं विष असतं आणि परदेशातून आलेल्या सरड्याला ते टाळण्याची उपजत समज नसते. काजवा कुठल्याही जातीचा असो, तो गेकोच्या ताटात जाता कामा नये. राजमाचीचे काजवे राजमाचीलाच राहू देत. तसंच विसापूर-लोहगडच्या दगडांखालून एखादी रानपाल उचलून आणण्याचा विचारही मनात आणू नये. लेपर्ड गेकोची सख्खी भावंडं आपल्या महाराष्ट्रातही आहेत, सातपुड्यातल्या एका जातीला तर 2014 सालीच स्वतंत्र नाव मिळालं. ती रानातच शोभतात, आणि ती तिथे राहावीत यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

इथवर मी पावडर न देणाऱ्यांशी भांडलो. पण दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. ते प्रत्येक किडा, प्रत्येक जेवणाला, 'डी3' आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये बुडवतात आणि वर एक वाटी तीच पावडर टाकीत कायमची ठेवतात. 'डी3' चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, साठतं. ते फाजील झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. साध्या कॅल्शियमची छोटी बशी टाकीत ठेवायला माझी हरकत नाही. 'डी3'ची बशी कधीच नको. वाढत्या पिल्लाला रोज आणि मोठ्या गेकोला आठवड्यातून दोन-तीनदा खाद्य, त्यातल्या बहुतेक वेळा साधं कॅल्शियम, पंधरवड्यातून एक-दोनदा 'डी3' असलेलं, एकदा जीवनसत्त्वांचं. यूव्हीबीची ट्यूब चालू असेल तर 'डी3' आणखी कमी. एवढं पुरतं.

हे करायला किती वेळ लागतो? प्लास्टिकच्या पिशवीत चिमूटभर पावडर, त्यात रातकिडे, दोन हलके हिसके. किडे पांढुरके दिसले की झालं, पिठात घोळल्यासारखे नकोत. ते लगेच टाकीत सोडायचे आणि गेको समोर असतानाच सोडायचे, कारण रातकिडा मोकळा सुटला की पाय आणि मिशा चाटून-पुसून अंगावरची पावडर काही मिनिटांत उतरवून टाकतो. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रात्री उरलेले किडे बाहेर काढायचे, कारण भुकेला रातकिडा झोपलेल्या गेकोची बोटं कुरतडतो.

त्याआधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे किड्याचं स्वतःचं पोट. किडा खायला घालण्याआधी दोन दिवस त्याला कॅल्शियमने भरलेलं खाद्य द्यायचं, म्हणजे तो चालतीबोलती पुडी होतो. पोल्ट्रीचा लेयर मॅश हा त्यासाठी बरा आधार आहे, पण त्यातलं चार टक्के कॅल्शियम कमी पडतं, त्यात कार्बोनेट मिसळून ते साधारण आठ टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. सोबत ओला पाला म्हणून शेवग्याची पानं उत्तम, आणि शेवगा मावळात कुणाच्या ना कुणाच्या परसात असतोच. पालक, माठ, राजगिरा, अळू मात्र टाळावेत, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. भाजीच्या हिरव्या रंगावरून कॅल्शियमचा अंदाज बांधणाऱ्यांची इथे नेहमी फसगत होते.

शेवटचा आरोप पैशाचा. पावडर म्हणजे दुकानदारांचा धंदा. परदेशी डब्यांच्या किमती फुगवलेल्या असतात हे मलाही दिसतं आणि तिथे चिडायला मीही तयार आहे. पण शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट ही जगातल्या स्वस्तातल्या स्वस्त भुकट्यांपैकी एक आहे, आणि एका गेकोला ती वर्षभरात मूठभरही लागत नाही. हजारो रुपयांचा प्राणी, त्याची टाकी, मॅट, दगडाच्या नकली गुहा हे सगळं घेऊन झाल्यावर काटकसर सुचते ती नेमकी कॅल्शियमपाशी.

ज्यांच्या घरी गेकोचा जबडा आधीच मऊ झाला आहे, बोटं थरथरताहेत, त्यांनी हे वाचून डबाभर पावडर एकदम चारू नये. त्याला हातात घेणं बंद करा, टाकीतल्या उंच फांद्या आणि दगड काढा म्हणजे पडून हाड मोडणार नाही, उबदार कोपऱ्याचं तापमान तपासा आणि सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. मावळात असे डॉक्टर सहज भेटत नाहीत. पुण्यात, नाहीतर मुंबईत जावं लागतं. पशुवैद्यक महाविद्यालयं शिरवळला आणि परळला आहेत, तिथे विचारता येईल. एक्स-रे काढून घ्या, चालू पावडरीचा डबा आणि दिव्याचं खोकं सोबत न्या, कारण त्यावरचं छापील लेबल डॉक्टरला तुमच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतं. थरथर असेल तर डॉक्टर कॅल्शियम बेताने, मोजून देतील, कधी इंजेक्शनने, आणि किडा धरता येत नसेल तर पातळ अन्न भरवायला शिकवतील. सुधारायला आठवडे नव्हे, महिने लागतात. वाकलेला पाय बहुधा पुन्हा सरळ होत नाही. जबडा मात्र वेळेत उपचार झाले तर पुन्हा टणक होतो, आणि गेको पुन्हा स्वतः किडा धरून खाऊ लागतो.